वाढत्या शहराची हवा: मोजण्यापासून सुधारण्यापर्यंतची कामं, क्रमाने

वेगाने वाढणाऱ्या शहराच्या हवेचा विषय निघाला की सगळे आजच्या धुराकडे बोट दाखवतात. मला उद्याच्या धुराची काळजी जास्त वाटते. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत जे कारखाने, बॉयलर, बसगाड्या, वसाहती आणि रस्ते येणार आहेत, त्यातले बरेचसे एकदा उभे राहिले की पिढीभर हलत नाहीत. नकाशावरची वसाहत बसमार्गालगत सरकवायला काही बैठका पुरतात. तीच वसाहत आडबाजूला बांधून झाली की तिथल्या घराघरात वाहन येतं आणि मग ते कुणालाच सोडवत नाही. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्यांमागे विचार एकच आहे: माणूस आणि पैसा धूर जिथे तयार होतो तिथे लावायचा, आणि जो धूर अजून सुरूच झालेला नाही तो आधी अडवायचा.

पालिकेतले अभियंते, लोकप्रतिनिधी, आरोग्य विभागातली मंडळी आणि आपल्या प्रभागासाठी धडपडणारे नागरिक डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिलं आहे. काही कामं फक्त प्रशासनालाच करता येतील, काही कुणालाही उद्यापासून सुरू करता येतील.

## पायरी १: नेमकं काय कमी करायचं ते ठरवा

‘प्रदूषण कमी करू’ असं मोघम ध्येय ठेवलं की खर्चही मोघम होतो. सर्वाधिक जीव घेतात ते २.५ मायक्रोमीटरपेक्षा बारीक कण, म्हणजे पीएम २.५. माणसाच्या केसाची जाडी साधारण ५० ते ७० मायक्रोमीटर असते, त्यावरून यांचा आकार लक्षात यावा. हे कण फुफ्फुसातल्या वायुकोशांपर्यंत पोचतात, त्यातले अतिसूक्ष्म रक्तातही उतरतात. हृदयविकार, पक्षाघात, दमा, फुफ्फुसाचा कर्करोग या सगळ्यांत त्यांचा वाटा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली घराबाहेरच्या प्रदूषित हवेमुळे जगभरात सुमारे ४२ लाख लोक अकाली गेले.

संघटनेने २०२१ मध्ये नव्या मर्यादा सांगितल्या. पीएम २.५ ची वार्षिक सरासरी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आणि चोवीस तासांची १५. पीएम १० साठी, म्हणजे १० मायक्रोमीटरपर्यंतच्या कणांसाठी, हेच आकडे १५ आणि ४५. नायट्रोजन डायऑक्साइडची वार्षिक सरासरी १०. ज्या शहराची सरासरी ७० आहे तिथल्या अधिकाऱ्याला ५ हा आकडा ऐकूनच हात टेकावेसे वाटतात. त्यासाठी संघटनेने मधले टप्पेही दिले आहेत: ३५, २५, १५ आणि १०. पहिला टप्पा निवडा, त्याला वर्ष जोडा आणि जाहीर करा. ज्याच्या खाली धोका शून्य होतो अशी कोणतीही पातळी आजवर सापडलेली नाही, त्यामुळे प्रत्येक टप्प्यावर लोकांच्या तब्येतीला फायदा होतोच.

एक सूचना इथेच. हवा गुणवत्ता निर्देशांक लोकांना परिस्थिती सांगायला चांगला आहे, नियोजनाला नाही. तो त्या वेळी सर्वांत वाईट असलेल्या एका घटकावरून ठरतो आणि त्याची मोजपट्टी देशागणिक बदलते. कामाच्या कागदांवर मायक्रोग्रॅमच लिहा.

## पायरी २: मोजा, आणि मोजलेलं नीट वाचा

हवा मोजणारी प्रमाणित स्थानकं महाग असतात आणि त्यांची देखभाल त्याहून अवघड असते. त्यामुळे वाढत्या शहरात ती मोजकीच राहणार. मधल्या जागा स्वस्त सेन्सरांनी भरता येतात. हे सेन्सर लेझरचा प्रकाश कणांवरून किती विखुरतो यावरून अंदाज बांधतात. दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात, आणि सेन्सर आकडा वाढवून सांगतो. म्हणून प्रत्येक सेन्सर आधी काही आठवडे प्रमाणित स्थानकाशेजारी ठेवून दोघांचे आकडे जुळवून घ्यावे लागतात, आणि हे दर मोसमात पुन्हा करावं लागतं. युगांडातल्या कंपालाच्या मेकेरेरे विद्यापीठातल्या एअरक्यू प्रकल्पाने धूळ, उष्णता आणि वारंवार जाणारी वीज गृहीत धरून स्वतःचे सेन्सर घडवले आणि आफ्रिकेतल्या अनेक शहरांत बसवले. साधनं थोडी असली तरी दाट जाळं उभं राहू शकतं, हे त्यातून दिसलं.

जागा निवडताना चार प्रकार चुकवू नका: वर्दळीचा रस्ता, राहती वस्ती, कारखान्यांची कड, आणि वारा जिकडून येतो त्या बाजूला शहराबाहेरची मोकळी जागा. चौथं स्थानक बहुतेक ठिकाणी वगळलं जातं, कारण तिथे मतदार नसतात. माझ्या मते सर्वांत मोलाचं तेच. बाहेरून किती प्रदूषण आलं आणि शहराने त्यात स्वतःची किती भर घातली, हे फक्त तेच सांगू शकतं.

मग आकडे वाचायला शिका. पीएम १० मधला किती भाग पीएम २.५ आहे, हे गुणोत्तर आधी काढा. ते ०.३ च्या आसपास असेल तर रस्त्याची आणि बांधकामाची धूळ वरचढ आहे. ०.६ किंवा ०.७ च्या वर गेलं तर काहीतरी जळतं आहे किंवा वायूंपासून हवेतच कण बनत आहेत. त्यासोबत कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड चढत असतील तर वाहनांकडे पाहा. सल्फर डायऑक्साइड चढत असेल तर कोळसा किंवा जड इंधन तेल शोधा. वेळही बोलते. सकाळी आणि संध्याकाळी दोन शिखरं दिसली तर ती रहदारी आणि चुली. शिखर मध्यरात्रीनंतर येत असेल तर अवजड ट्रक, चोरून सोडला जाणारा कारखान्यांचा धूर किंवा कचऱ्याची आग, यांपैकी काय आहे ते त्या वेळी त्या जागी जाऊनच कळतं.

हे गुणोत्तर मात्र स्वस्त सेन्सरच्या आकड्यांवरून काढू नका. त्यांना मोठे कण नीट दिसत नाहीत, त्यांचा पीएम १० चा आकडा बराचसा बारीक कणांवरून ओढूनताणून काढलेला असतो. धुळीच्या वादळातही असा सेन्सर शांत बसलेला दिसू शकतो.

## पायरी ३: धुराचा हिशेब मांडा

दोन वेगवेगळे अभ्यास लागतात आणि ते एकमेकांना तपासतात. पहिला म्हणजे उत्सर्जनाची यादी: शहरात वर्षाला किती डिझेल विकलं जातं, किती कोळसा आणि लाकूड जळतं, किती कचरा उचलला जात नाही, किती चौरस मीटर बांधकाम चालू आहे. प्रत्येक गोष्टीला तिच्या उत्सर्जनाच्या दराने गुणायचं आणि शहराच्या नकाशावर चौकटी पाडून बसवायचं. दुसरा अभ्यास उलट दिशेने जातो. हवेतले कण गाळणीवर गोळा करून प्रयोगशाळेत त्यांची रासायनिक ओळख पटवतात. सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि कॅल्शियम माती-सिमेंटकडे नेतात. लेव्होग्लुकोसान हा पदार्थ लाकूड-पालापाचोळा जळल्याशिवाय येत नाही. व्हॅनेडियम आणि निकेल जड तेलाची खूण आहेत.

दोन्ही अभ्यासांचे निकाल जुळले नाहीत तर निराश होऊ नका, तिथेच खरी माहिती लपलेली असते. यादीत नसलेला आणि गाळणीवर सापडलेला धूर म्हणजे कुणीही न नोंदवलेल्या भट्ट्या, आगी किंवा जनरेटर.

गाळणीवर आणखी एक मोठा हिस्सा निघतो जो कुठल्याच धुरांड्यातून कण म्हणून बाहेर पडलेला नसतो. सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजनचे ऑक्साइड हवेतल्या अमोनियाशी मिळून सल्फेट आणि नायट्रेटचे बारीक कण बनवतात. अमोनिया मुख्यतः शेतातल्या खतातून आणि जनावरांच्या मलमूत्रातून येतो. सल्फर शंभरेक किलोमीटरवरच्या वीजकेंद्रातूनही आलेला असू शकतो. शहराने आपले सगळे रस्ते धुतले तरी हा वाटा तसूभरही हलत नाही.

असा अभ्यास पुरा व्हायला एक-दोन वर्षं लागतात. तोवर हातावर हात ठेवून बसू नका. उघड्यावर कचरा जाळणं, काळा धूर सोडणारे ट्रक, झाकण नसलेले मातीचे ढीग यांच्यावर काम सुरू करायला कुठल्याही अहवालाची गरज नसते.

## पायरी ४: वारा आणि सीमा समजून घ्या

शहर तेवढाच धूर सोडतं, तरी थंडीत हवा का बिघडते? जमिनीलगतची हवा ज्या उंचीपर्यंत ढवळली जाते ती उंची उन्हाळ्यातल्या दुपारी दीड हजार मीटर किंवा त्याहून जास्त असते. थंडीच्या शांत रात्री ती दीडशे मीटरवर येऊ शकते. जमीन निवते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होते, वर उबदार हवेचा थर बसतो, आणि तो भांड्यावरच्या झाकणासारखा धूर खालीच कोंडून ठेवतो. वारा तेवढाच राहिला तरी धूर दहापट दाटतो. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या डोनोरा गावात आणि ५ ते ९ डिसेंबर १९५२ या दिवसांत लंडनमध्ये हेच घडलं. लंडनमधले मृत्यू तेव्हा सुमारे ४ हजार मोजले गेले. पुढच्या अभ्यासांनी हा आकडा १२ हजारांपर्यंत नेला. १९५६ चा स्वच्छ हवा कायदा त्यातून आला.

यातून कामाच्या दोन गोष्टी निघतात. एक, रात्रीचा आणि पहाटेचा धूर दुपारच्या तेवढ्याच धुरापेक्षा कितीतरी जास्त घातक असतो, म्हणून निर्बंध घालताना आधी त्या वेळा धरा. दुसरी, पालिकेची हद्द वाऱ्याला माहीत नसते. एकाच हवेत राहणारी गावं, उपनगरं, औद्योगिक वसाहती आणि शेजारचे जिल्हे यांचं मिळून एक हवाक्षेत्र होतं, आणि योजना त्या क्षेत्राची व्हावी लागते.

बीजिंगने हे करून दाखवलं. २०१३ मध्ये तिथली पीएम २.५ ची वार्षिक सरासरी ८९.५ होती, २०२१ मध्ये ती ३३ वर आली. शहराने कोळशावरची वीजकेंद्रं बंद केली, घरांची कोळशाची शेगडी काढून गॅस आणि वीज दिली, जुनी वाहनं मोडीत काढली. पण त्याच वेळी तिआनजिन आणि हबेई या शेजारच्या भागांतल्या पोलाद आणि सिमेंट उद्योगांवरही बंधनं आली. एकट्या बीजिंगच्या हद्दीत एवढी घट झाली नसती. शेजाऱ्यांशी करार करायला कायद्याची वाट पाहावी लागत नाही. समान इंधन नियम, ट्रकची समान तपासणी आणि आकड्यांची देवाणघेवाण एवढ्यावर सुरुवात होऊ शकते.

## पायरी ५: आधी आग विझवा

क्रम लावायचा झाला तर मी उघड्यावरचं आणि घरातलं जळण सर्वांत वर ठेवेन. नीट न जळणाऱ्या आगीतून किलोमागे निघणारे कण चांगल्या बॉयलरच्या अनेक पट असतात, आणि ते नाकाच्या उंचीवर, वस्तीच्या मधोमध सुटतात.

घरगुती इंधन बदलायचं तर पर्यायाआधी बंदी आणू नका. पोलंडमधल्या क्राकूवने १ सप्टेंबर २०१९ पासून घर तापवण्यासाठी कोळसा आणि लाकूड जाळायला बंदी केली, पण त्याआधी अनेक वर्षं जुन्या शेगड्या बदलायला अनुदान दिलं आणि वाढलेला खर्च न झेपणाऱ्या कुटुंबांना आधार दिला. त्याच वर्षी मंगोलियाच्या उलानबातरमध्ये कच्च्या कोळशावर बंदी येऊन त्याऐवजी प्रक्रिया केलेल्या कोळशाच्या विटा आल्या. हवा सुधारली, पण त्या हिवाळ्याच्या तोंडावर कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेने माणसंही दगावली. नवं इंधन देताना शेगडी आणि धुराडं तपासणारा माणूस प्रत्येक घरी गेला पाहिजे, हा त्यातला धडा आहे.

कचऱ्याच्या आगी बहुतेक वेळा दुष्टपणाने लागत नाहीत. जिथे गाडी येत नाही तिथे लोक कचरा जाळतात. पानगळीच्या दिवसांत झाडलोट करणाऱ्याला पाला टाकायला जागा नसते, म्हणून तो पेटवतो. थंडीत रखवालदार आणि उघड्यावर झोपणारे ऊब मिळावी म्हणून मिळेल ते जाळतात, त्यात प्लास्टिकही असतं. उपाय त्या त्या कारणाला लागू पडला पाहिजे. न उचललेल्या कचऱ्याच्या जागांचा नकाशा करा आणि तिथे आधी फेरी सुरू करा. प्रत्येक प्रभागात पाला कुजवायचे खड्डे करा. रखवालदार नेमणाऱ्यावर विजेच्या हीटरची सक्ती करा, आणि उघड्यावर झोपणाऱ्यांसाठी रात्रनिवारे उघडा. दंडाची पावती शेवटी.

कचराभूमीच्या आगी वेगळ्या जातीच्या. ओला कचरा दाबला गेला की आत मिथेन तयार होतो, आणि वरून विझलेली आग खाली आठवडे धुमसत राहते. पाण्याने ती विझत नाही, मातीने हवा तोडावी लागते. ओला कचरा मुळात तिथे जाऊच न देणं हाच पक्का इलाज आहे, आणि त्यासाठी घराघरात वेगळा केलेला कचरा गाडीतही वेगळाच राहिला पाहिजे. गाडीत एकत्र झाला तर लोक दुसऱ्या आठवड्यात वेगळा करणं सोडून देतात.

डिझेल जनरेटरही याच पायरीत येतात. वीज सारखी जाते म्हणून ते चालतात, आणि ते कमी करायचा सर्वांत परिणामकारक मार्ग विद्युत विभागाकडे आहे. हवेच्या समितीत वीज वितरणाचा माणूस नसेल तर ती समिती अर्धवट आहे.

## पायरी ६: कारखाने आणि भट्ट्या

मोठ्या कारखान्यांच्या चिमण्या सगळ्यांना दिसतात, पण वाढत्या शहरांत त्रास होतो तो विखुरलेल्या छोट्या बॉयलरांचा. लाकूड, कोळसा, कधी चिंध्या आणि रबरही त्यांत जातं. प्रत्येकाला स्वतःची धूळ पकडणारी यंत्रणा परवडत नाही. अशा वसाहतीत एक मोठा, नीट नियंत्रित बॉयलर बसवून सगळ्यांना नळाने वाफ पुरवणं स्वस्त पडतं, आणि तपासणीही एकाच चिमणीची करावी लागते. नवी औद्योगिक वसाहत आखतानाच ही तरतूद केली तर पुढचा सगळा त्रास वाचतो.

वीटभट्ट्यांमध्ये विटा नागमोडी रचून हवेची वाट लांबवली की कोळसा साधारण पाचव्या हिश्श्याने वाचतो आणि धूर बराच घटतो. इथे मालकाचा फायदा आणि हवेचा फायदा एकाच बाजूला असतो, म्हणून प्रशिक्षण आणि कर्ज या दोन गोष्टींवर काम निभतं. रचना करणारे कामगार शिकले नाहीत तर मात्र भट्टी नावापुरतीच नागमोडी राहते.

नियम मोडणाऱ्यांचं काय? बहुतेक कायद्यांत एक तर नोटीस आहे नाहीतर थेट टाळं. दुसरं इतकं टोकाचं असतं की ते क्वचितच वापरलं जातं. सुरतमध्ये २०१९ पासून वेगळा प्रयोग झाला. सुमारे ३०० कारखान्यांच्या चिमण्यांवर सतत मोजणारी यंत्रं बसवली. त्यांपैकी निम्म्या कारखान्यांना कणांच्या उत्सर्जनाचे परवाने वाटले. ज्याने कमी धूर सोडला त्याने उरलेले परवाने विकावेत, ज्याने जास्त सोडला त्याने विकत घ्यावेत, आणि जो हिशेब पुरा करणार नाही त्याच्या अनामतीतून रक्कम कापावी. या गटाचं उत्सर्जन जुन्या पद्धतीतल्या कारखान्यांपेक्षा २० ते ३० टक्क्यांनी कमी राहिलं. माझ्या दृष्टीने यातला कळीचा भाग बाजार नव्हे. चुकलं की तेवढीच रक्कम कापली जाणार, ती लगेच आणि प्रत्येक वेळी कापली जाणार, ही खात्री कळीची आहे.

## पायरी ७: रस्त्यावरची वाहनं

इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो, कारण इथे प्रत्येक माणूस दोन्ही बाजूंना असतो.

सुरुवात इंधनापासून करा. डिझेलमधलं गंधक दहा लाख भागांत १०-१५ भागांवर आल्याशिवाय कण अडवणारी आधुनिक गाळणी नीट चालत नाही. भारताने १ एप्रिल २०२० पासून ते देशभर ५० वरून १० वर आणलं. जिथे अजून गंधकयुक्त डिझेल विकलं जातं तिथे नवी इंजिनं आणून उपयोग नाही, आधी शुद्धीकरण कारखान्यांशी झगडा.

मग जुने ट्रक. एकूण ताफ्यातला थोडासा भाग निम्म्याहून अधिक काळा धूर सोडतो, असं चित्र अनेक शहरांत दिसतं. या गाड्या शोधायला रस्त्याकडेला उभं राहून डोळ्यांनी पाहिलं तरी पुष्कळ कळतं. शहरातून नुसतेच पार होणारे ट्रक बाह्यवळणाने न्या, आणि ते बाह्यवळण नव्या वसाहतींच्या मधून जाणार नाही याची सोय आजच जमीन राखून करा.

खाजगी गाड्यांबाबत दोन अनुभव शेजारी ठेवून पाहावेत. मेक्सिको सिटीने १९८९ मध्ये नंबरपाटीच्या शेवटच्या आकड्यानुसार प्रत्येक गाडीला आठवड्यातून एक दिवस बंदी केली. पुढच्या अभ्यासात हवेत सुधारणा दिसली नाही. लोकांनी दुसऱ्या आकड्याची जास्तीची गाडी घेतली, आणि ती बऱ्याचदा जुनी होती. स्टॉकहोमने २००६ मध्ये काही महिने शहराच्या मध्यात शिरायला शुल्क लावून पाहिलं, आधी बसगाड्या वाढवल्या आणि मग लोकांना मत विचारलं. रहदारी सुमारे २० टक्क्यांनी घटली आणि २००७ पासून शुल्क कायम झालं. बंदीला लोक वळसा घालतात, किंमत मात्र रोज विचार करायला लावते. लंडनने २०१९ मध्ये मध्यभागात सुरू केलेलं अतिकमी उत्सर्जन क्षेत्र, जिथे जास्त धूर सोडणाऱ्या गाडीला शुल्क पडतं, ऑगस्ट २०२३ मध्ये सगळ्या महानगराला लागू केलं. त्यामागे एक दुःखद घटनाही आहे. वर्दळीच्या रस्त्याजवळ राहणारी नऊ वर्षांची मुलगी २०१३ मध्ये दम्याने गेली, आणि २०२० मध्ये तिथल्या मृत्युचौकशीत हवेचं प्रदूषण हे मृत्यूच्या कारणांमध्ये नोंदवलं गेलं.

पण शुल्क लावण्याआधी पर्याय हवा, आणि वाढत्या शहरात पर्याय म्हणजे बस. मेट्रोला दहा वर्षं लागतात, स्वतंत्र मार्गिकेवरची बस दोन-तीन वर्षांत धावते. चीनमधल्या शेनझेनने २०१७ अखेर आपल्या सोळा हजारांहून अधिक बसगाड्या विजेवर आणल्या. बसथांब्यापर्यंत सावलीतला, सलग पदपथ नसेल तर उत्तम बसही रिकामी धावते, आणि हे काम पालिकेला कुणाचीही परवानगी न घेता करता येतं. नव्या वसाहतींना मंजुरी देताना थांब्यापासूनचं चालण्याचं अंतर पाहा, आणि इमारतीला ठरावीक पार्किंग हवंच ही सक्ती काढून टाका.

विजेची वाहनं धुराडं काढून टाकतात, चाकाखालची धूळ आणि टायरची झीज तशीच राहते.

## पायरी ८: धूळ

धुळीवर सर्वांत जास्त पैसा जातो आणि सर्वांत जास्त वाया जातो. पाणी फवारणाऱ्या गाड्या दिसतात चांगल्या, पण उन्हात रस्ता अर्ध्या-एक तासात पुन्हा कोरडा होतो.

रस्त्यावर ७५ मायक्रोमीटरपेक्षा बारीक माती चौरस मीटरमागे किती ग्रॅम आहे, यावर धूळ ठरते. मोजायला सोपं आहे: ठरावीक लांबीचा पट्टा आखा, झाडून किंवा व्हॅक्यूमने सगळी माती गोळा करा, वाळवा, बारीक चाळणीतून चाळा, वजन करा. वाहनं उडवतात ती धूळ या मातीच्या प्रमाणाशी आणि वाहनांच्या वजनाशी जवळजवळ सरळ बांधलेली असते. म्हणून प्रश्न असा विचारायचा की ही माती रस्त्यावर येते कुठून. डांबर आणि पदपथ यांच्यामधली उघडी कड, केबलसाठी खणून नीट न बुजवलेले चर, आणि बांधकामावरून चिखल घेऊन निघालेली डम्परची चाकं, ही तीन उत्तरं बहुतेक शहरांत सापडतात. कड पक्की करा किंवा हिरवळ लावा. खणणाऱ्या कंपनीची अनामत चर पूर्ववत झाल्याशिवाय सोडू नका. बांधकामाच्या फाटकावर चाकं धुण्याचा हौद असल्याशिवाय काम सुरू करायची परवानगी देऊ नका.

हौद आहे की नाही हे फाईलमध्ये पाहू नका. फाटकासमोरच्या रस्त्यावर पन्नास पावलं चालून चिखलाचे पट्टे दिसतात का ते पाहा. नागरिकांच्या गटाला हे रोज करता येतं, फोटोसह.

कोरडी झाडलोट पहाटे होते, नेमकी हवा सर्वांत कोंडलेली असते तेव्हा. यंत्राने ओढून घेणारी सफाई आणा, तोवर झाडण्याआधी शिडकावा करा, आणि झाडणाऱ्यांना चांगला मास्क द्या. ती धूळ सर्वांत जास्त त्यांच्याच फुफ्फुसात जाते.

## पायरी ९: कशावर पैसे घालवू नयेत

हवा शुद्ध करणाऱ्या मनोऱ्यांचं गणित करून पाहा. वीस किलोमीटर लांब आणि तितक्याच रुंद शहरावर पाचशे मीटर उंचीपर्यंतची हवा धरली तर ती २०० घनकिलोमीटर, म्हणजे २० हजार कोटी घनमीटर होते. दिल्लीत २०२१ मध्ये उभारलेल्या मनोऱ्याची क्षमता सेकंदाला १००० घनमीटर सांगितली होती. त्या वेगाने ही हवा एकदा गाळायला सहा वर्षांहून अधिक काळ लागेल. सेकंदाला दोन मीटरचा मंद वारा तीच हवा पावणेतीन तासांत बदलून टाकतो. रस्त्याकडेच्या पाण्याचे तुषार उडवणाऱ्या तोफा आणि कृत्रिम पाऊस यांचीही कथा अशीच.

झाडं लावाच, सावलीसाठी आणि गारव्यासाठी. धूर शोषण्याच्या हिशेबात त्यांना मोठा आकडा देऊ नका. उंच इमारतींमधल्या अरुंद रस्त्यावर दाट पर्णछत्र वाहनांचा धूर खाली अडकवूही शकतं. शाळा आणि रस्ता यांच्यामध्ये दाट कुंपण मात्र चांगलं काम करतं.

## पायरी १०: वाईट दिवसांची तयारी

मुळातला धूर कमी होईपर्यंत वाईट दिवस येतच राहतील. हवामान विभागाच्या अंदाजावरून वारा पडणार आणि थर बसणार हे दोन-तीन दिवस आधी कळतं. निर्बंध तेव्हाच लागू करा. आकडा चढल्यावर ट्रक थांबवले तर साचलेला धूर तसाच राहतो. कुठल्या पातळीला काय थांबेल, कोण आदेश देईल, रोजंदारीवरच्या कामगाराची बुडालेली मजुरी कोण भरून देईल, हे आधी लिहून ठेवा. मजुरीचा प्रश्न सुटला नाही तर बांधकाम बंदी कागदावर राहते.

आरोग्य विभागाने दवाखान्यांना आणि शाळांना आदल्या दिवशी कळवावं. मैदानी खेळ पुढे ढकलावेत. बाहेर काम करणाऱ्यांना चेहऱ्याला घट्ट बसणारे एन-९५ मास्क द्यावेत, कापडी मास्क बारीक कण फारसे अडवत नाहीत. दवाखान्यात आणि बालवाडीत किमान एक खोली खिडक्या लावून, कण गाळणारं यंत्र चालू ठेवून तयार असावी.

## पायरी ११: दरवर्षी तपासणी

जबाबदारी एका नावावर असू द्या. दहा विभागांची समिती असते तेव्हा उत्तर कुणाकडेच नसतं. त्या अधिकाऱ्याकडे स्वतंत्र अंदाजपत्रक, पुरेसे निरीक्षक आणि रात्री फिरायला वाहन असावं. सगळे आकडे तासागणिक खुले ठेवा, नको असलेले दिवसही.

वर्षाच्या शेवटी नुसती सरासरी पाहून पाठ थोपटू नका. पाऊस जास्त झाला, वारा चांगला राहिला, की हवा आपोआप सुधारलेली दिसते. तीन वर्षांची सरासरी घ्या, आणि हवामानाचा परिणाम वगळून आकडे काढणाऱ्या पद्धती शेजारच्या विद्यापीठाकडून करून घ्या. पीएम १० घटलं पण पीएम २.५ जागच्या जागी आहे असं दिसलं, तर शहराने धूळ झाडली आणि धुराला हात लावला नाही. उन्हाळ्यात ओझोन चढत असेल तर त्याचाही विचार करा. लॉस एंजेलिसच्या धुरकट धुक्यावर काम करताना रसायनशास्त्रज्ञ एरी हागन-स्मिट यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं की ओझोन ऊन, नायट्रोजनचे ऑक्साइड आणि इंधनाच्या वाफा यांच्यातून हवेतच तयार होतो. वाफा तशाच ठेवून फक्त नायट्रोजनचे ऑक्साइड घटवले तर काही शहरांत ओझोन उलट वाढतो, म्हणून पेट्रोलपंप, रंग आणि द्रावकं यांच्या वाफाही योजनेत धरा.

शेवटी वाऱ्याच्या वरच्या बाजूच्या स्थानकाचा आकडा शहरातल्या आकड्यातून वजा करा. उरतं ती शहराची स्वतःची भर. लोकसंख्या आणि बांधकाम वाढत असतानाही ही भर वर्षागणिक उतरत असेल तर योजना चालते आहे. ती जागेवर असेल तर पायरी ३ ची यादी पुन्हा उघडा, आणि गेल्या वर्षी परवानगी दिलेल्या बॉयलर, वसाहती आणि रस्त्यांपासून तपासायला सुरुवात करा.